नवव्या दिवसाचा ताप

कुंदाकाकूंना कोणतंही मूल भेटलं की त्या आधी नाव विचारत नसत. त्या त्याचा कान हलकेच पुढे दुमडून मागे बघत. मग दुसरा कान. मग हनुवटी वर करून गळा. तिथे काही नाही असं दिसलं की मगच, "हां. आता सांग, नाव काय तुझं?"

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते र्युसेल्सहाइम स्टेशनच्या बाहेर. पाचवारी साडी, पायांत नातवाने निवडलेले निळे स्पोर्ट्स शूज, वर मुलाचं गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट. आणि त्या एका जर्मन बाईच्या बाबागाडीत वाकून तिच्या मुलीचा कान तपासत होत्या. बाई थिजून उभी. मागून त्यांची सून सायली धावत आली. सायली माझी ऑफिसातली मैत्रीण, आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी.

"अहो आई, इथे असं कोणाच्या मुलाला हात नाही लावायचा."

"हात कुठं लावला? कान बघितला."

सायलीने जर्मनमध्ये माफी मागितली आणि सांगितलं की सासूबाई तीस वर्षं नर्स होत्या, खेड्यापाड्यांत गोवराच्या साथी बघितल्यात, ती सवय जात नाही. जर्मन बाईने काकूंकडे एकदा नीट पाहिलं. मग तिने स्वतःच मुलीचा दुसरा कान पुढे दुमडला आणि काकूंपुढे धरला. काकूंनी बघितलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "गूट," म्हणजे छान. तोवर त्यांना जर्मनीत येऊन चारच दिवस झाले होते.

सातारा जिल्ह्यातल्या डोंगरांत त्या आरोग्यसेविका होत्या. निळी पेटी खांद्याला, पेटीत बर्फाच्या चपट्या बाटल्या, त्यांच्यामध्ये लशी. जिथे एसटी थांबते तिथून चालायला लागायचं आणि बर्फ विरघळायच्या आत शेवटची वाडी गाठायची. निवृत्त झाल्यावर मुलगा महेश त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे घेऊन आला. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. आपल्या लोकांचे आईवडील इथे आले की बहुतेक जण खिडकीशी बसून हिरवळ बघतात आणि पाचच्या फ्लाइटला कोण गेलं, कोण आलं याच्या गप्पा करतात. काकू दुसऱ्या आठवड्यापासून कामाला लागल्या. काम कोणी दिलं नव्हतं. र्युसेल्सहाइममधल्या प्रत्येक मराठी आईला त्यांनी एकेक करून भेटून टाकलं.

माझं त्यांच्याशी जमलं ते पत्रकांमुळे. माझे बाबा मिरजेला शिक्षक, आणि शाळेबाहेरचा त्यांचा सगळा वेळ पत्रकांत जायचा. अंगात येण्याविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, उकळून पाणी पिण्याच्या बाजूने, लशींच्या बाजूने. रविवारी सकाळी आम्ही दोघी बहिणी फरशीवर बसून घड्या घालायचो. जे खरं आहे ते मोठ्या अक्षरांत छापून चौकात वाटलं पाहिजे, हे मला अक्षरओळखीबरोबरच शिकवलं गेलं, आणि त्याबद्दल मी अजूनही बाबांची ऋणी आहे. इथे आल्यावर आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर मी जे वाचत होते त्याने माझं डोकं फिरायचं. शिकलेली माणसं. मोटारीचा ब्रेक चाळीस वेळा तपासल्याशिवाय कागदावर सही न करणारी माणसं. आणि लशीचा विषय निघाला की कोणाच्या तरी आत्याने पाठवलेला व्हिडिओ पुढे ढकलायची. म्हणून मी एक पत्रक लिहायला घेतलं होतं: लहान मुलांचे नेहमीचे विषाणूचे आजार कसे ओळखावेत, आणि लस का घ्यावी. सायली म्हणाली, "आईंना दाखव."

काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "तू कधी गोवर बघितलाय का गं?"

मी बघितला नव्हता. हेच तर लशीचं यश, असं मी म्हणाले.

"होय की. पण मग लिहितीस कशावरून?"

त्या दिवसापासून शनिवारची दुपार मी त्यांच्या स्वयंपाकघरात काढायला लागले. त्या भाजी निवडत शिकवायच्या. गोवर म्हणजे आधी सर्दी, खोकला, डोळे लाल, उजेड सहन होत नाही, आणि ताप चढत जातो. गालाच्या आतून बघितलं तर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके. मग कानामागून, केसांच्या कडेने पुरळ सुरू होतं आणि खाली उतरत जातं. "डोक्याकडून पायाकडं. उलटं कधी नाही." आणि पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून ते मूल इतरांना गोवर वाटत असतं, म्हणून साथ हाती लागत नाही. कांजिण्या ओळखायला सोप्या, एकाच अंगावर नवा लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि सुकलेली खपली एकदमच दिसतात. गालगुंडात कानाची पाळी सुजेने वर उचलली जाते. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड आले की तो इथल्या किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, दर वर्षी फिरणारा आजार, त्रासदायक पण आपोआप जाणारा. आणि एक गोष्ट त्यांनी मला तीनदा म्हणून दाखवायला लावली. पुरळावर काचेचा पेला दाबायचा, दाबल्यावर जर ते फिकं झालं नाही आणि मूल मलूल असेल, तर कोणाला फोन न करता, कोणाला न विचारता, थेट हॉस्पिटल.

"मी डॉक्टर नाही," हे त्यांचं रोजचं वाक्य. "मी बघणार. ठरवणार डॉक्टर. पण डॉक्टरला नीट सांगायला घरात कोणी बघितलेलं तर पाहिजे ना."

त्यांचा नातू नील, सहा वर्षांचा, हे सगळं ऐकत खेळायचा. त्याला मराठी पूर्ण कळायचं आणि उत्तर तो जर्मनमध्येच द्यायचा. एकदा मी विचारलं, "काय रे, आजी तुझे पण कान बघते?" तो म्हणाला, "येडन टाग." म्हणजे रोज. आणि खेळणं न सोडता त्याने दोन्ही कान पुढे दुमडून दाखवले.

प्राजक्ताचं प्रकरण झालं ते पाडव्याच्या जेवणाला.

आम्ही वीसएक घरांनी मिळून एक हॉल घेतला होता. प्राजक्ता पुण्याची, नवरा फ्रँकफुर्टला सॉफ्टवेअरमध्ये, मुलगा ईशान दीड वर्षाचा. ऑगस्टपासून त्याला किटामध्ये जागा मिळाली होती आणि ती मिळाली म्हणून तिला स्वतःला नोकरी घेता येणार होती. इथे किटामध्ये घालायचं तर गोवराची लस घेतल्याचा दाखला लागतो, नाहीतर गोवर होऊन गेल्याचा डॉक्टरचा कागद. कायदाच आहे. प्राजक्ता श्रीखंड वाढून घेताना सहज म्हणाली, "आमचं सोपं आहे. ईशानला पुण्यात आठव्या महिन्यातच गोवर येऊन गेला. म्हणून नवव्या महिन्यातली लस घेतलीच नाही. सासूबाईंच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून चिठ्ठी मागवलीये."

मी हातातलं ताट टेबलावर ठेवलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण काही वाक्यं आठवतात, कारण ती चांगली जमली होती. ओळखीच्या डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे खोटा दाखला. तुझ्या सोयीसाठी किटामधल्या तान्ह्या मुलांचा जीव धोक्यात घालायचा. लस घ्यायच्या वयाचीही न झालेली बाळं तिथे असतात, त्यांना वाचवायला बाकीच्यांनी घेतलेली लसच असते. हे सगळं खरं होतं. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण मी ते पन्नाससाठ माणसांसमोर म्हणाले, आणि तिच्या हातात श्रीखंडाची वाटी होती.

प्राजक्ताने वाटी खाली ठेवली. तिने ईशानला उचललं आणि जेवण न करता गेली.

काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पुरी संपवली, हात पुसले आणि म्हणाल्या, "झालं? आता ती कोणाचं ऐकणार नाही. तुझं नाही आणि माझं पण नाही."

"काकू, पण ती खोटा दाखला आणतेय."

"खोटा कशावरून? तिला खरंच वाटतंय की गोवर आला होता." मग जरा थांबून, "आल्झो," म्हणाल्या. 'तर मग' अशा अर्थाचा हा शब्द त्यांनी नीलकडून उचलला होता आणि पदर खोचायच्या वेळी तो वापरायच्या. "आल्झो, मला जूनमध्ये जायचंय. त्याच्या आत त्या पोराचं टोचून झालं पाहिजे."

पुढचे तीन आठवडे काकू प्राजक्ताकडे जात राहिल्या. लशीचं नाव नाही. एकदा थालीपिठाची भाजणी घेऊन, एकदा ईशानच्या टोपीला बंद शिवून द्यायला, एकदा नुसत्याच. मला राग यायचा. एका वाक्याच्या कामाला तीन आठवडे. मी विचारायचे, "आज बोललात?" त्या म्हणायच्या, "आज तिनं चहात साखर किती ते विचारलं नाही, न विचारताच घातली. चाललंय बरोबर."

चौथ्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. दोन अटी. आधी तिची माफी मागायची. आणि मग मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

मी माफी मागितली. लस या विषयावर नाही, वाटीवर मागितली, म्हणजे जेवणात तसं बोलल्याबद्दल. प्राजक्ता खुर्चीकडे बोट करून म्हणाली, "बस." तेवढंच.

काकू जमिनीवर ईशानसमोर बसल्या होत्या. ठोकळ्यावर ठोकळा ठेवत सहज म्हणाल्या, "याला गोवर आला तेव्हा लई तारांबळ झाली असेल तुझी."

"हो ना. तीन दिवस एकशे तीनच्या खाली ताप नाही. अंघोळ नाही, कडुलिंबाचा पाला उशाशी. सासूबाईंनी सांगितलं तसं सगळं केलं."

"खोकला? डोळे?"

"नाही. डोळे चांगले होते. ताप असून मधूनमधून खेळायचा पण."

"मग पुरळ कधी आलं?"

"चौथ्या दिवशी सकाळी."

"तेव्हा ताप किती होता?"

प्राजक्ता आठवायला लागली. "तेव्हा... नव्हता. उतरला होता. आम्ही सगळे खूश होतो ना, ताप उतरला म्हणून, आणि शर्ट काढला तर पोटावर, पाठीवर सगळं गुलाबी पुरळ."

"आधी पोटावर."

"हो. तोंडावर फारसं नव्हतंच."

काकूंनी ठोकळा खाली ठेवला. माझ्या तोंडात वाक्य आलं होतं आणि मी ते गिळलं.

"प्राजक्ता, ताप असताना पुरळ येतं, आणि पुरळ आल्यावर ताप आणखी चढतो, तो गोवर. ताप उतरल्यावर पुरळ येतं, आणि पोरगं हसतखेळत असतं, ती वेगळी गोष्ट. तीन दिवसांचा ताप म्हणतात तिला. इथल्या डॉक्टरला पण माहीत असतंय. वर्षाच्या आतल्या कितीतरी पोरांना येतो आणि जातो. आपल्याकडं अंगावर लाल काहीही उठलं की घरातलं मोठं माणूस म्हणतं, गोवर आला. तुझ्या सासूबाईंची चूक नाही. माझी आई पण तेच म्हणायची."

"म्हणजे त्याला गोवर झालेलाच नाही?"

"मला नाही वाटत. पण मी डॉक्टर नाही. तू डॉक्टरला असंच सांग, आत्ता सांगितलंस तसं, दिवस धरून. आणि समजा झाला असला, तरी वरून लस घेतल्यानं काही बिघडत नाही."

प्राजक्ताने ईशानला मांडीवर घेतलं. मग जे म्हणाली त्याने मला कळलं की मी पाडव्याला चुकीच्या माणसाशी भांडले होते. तिला व्हिडिओ पटले नव्हते, तिला कोणतीही विचारसरणी नव्हती. तिला ताप दिसत होता. दीड महिन्याचा असताना ईशानला पुण्यात पहिल्या लशी दिल्या होत्या, त्या रात्री तो तापाने फणफणला, तासन्‌तास रडला. नवरा आधीच जर्मनीत. ती एकटी त्याला घेऊन फेऱ्या मारत होती आणि तिला वाटत होतं की आपणच आपल्या हातांनी पोराला काहीतरी करून आणलं.

"कोणी सांगितलंच नव्हतं काकू. नर्स म्हणाली, काही होत नाही. आणि झालं. मग पुढच्या वेळी ती काही होत नाही म्हणाली की मला वाटायचं, ही खोटं बोलतेय."

काकू म्हणाल्या, "खोटंच बोलली ती."

परत येताना आम्ही माइन नदीच्या कडेने चाललो. काकू नेहमीपेक्षा हळू चालत होत्या. मी म्हणाले, "तुम्ही किती शांतपणे विचारलंत. मला सुचलंच नसतं."

"मला पण सुचलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी तुझ्यापेक्षा थोडी मोठी होते. डोंगरावर एक वाडी होती, बारा घरांची. तीनदा गेले पेटी घेऊन. तीनदा बाया म्हणाल्या, आमच्या पोरांना येऊन गेलं, नको. तिसऱ्या वेळी मी संतापले. म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. रजिस्टरात नकार असं लिहिलं आणि खाली आले. होळी झाल्यावर तिथं गोवर आला. एक मुलगी होती चार वर्षांची, तिच्या छातीत गेलं. मी पोचले तेव्हा संपलं होतं." त्या थांबून बदकांकडे बघत राहिल्या. "तिच्या आईनं मला पाणी दिलं. मला नंतर कळलं की त्यांच्या पोरांना येऊन गेल्या होत्या त्या कांजिण्या. काय येऊन गेलं, एवढंच मी विचारलं असतं तर. ते रजिस्टरात नकार लिहिलंय ना, तो त्यांचा नव्हता. माझा होता."

मग त्या पुन्हा चालायला लागल्या आणि म्हणाल्या, "नीलला शाळेतून आणायचंय, पाय उचल."

पत्रकावरून आमचं खरं भांडण झालं ते त्याच आठवड्यात. मी नवा मसुदा घेऊन गेले. आता त्यात ताप आधी की पुरळ आधी ते होतं, काचेचा पेला होता, गोवराची शंका असेल तर मुलाला थेट दवाखान्यात न नेता आधी फोन करा हेही होतं, कारण ते मूल उठून गेल्यावरही बराच वेळ त्या खोलीच्या हवेत गोवर राहतो. काकूंनी वाचलं आणि कागद परत दिला.

"लस घेतल्यावर काय होतं ते कुठाय?"

"काही होत नाही ना. म्हणजे फार तर थोडा ताप."

"ते कुठाय?"

मी सांगितलं की ते मी मुद्दाम गाळलंय. पत्रक म्हणजे बाजू घेणं. समोरचे लोक खोट्या व्हिडिओंची बरसात करताहेत आणि आपण स्वतःहून त्यांच्या हातात ताप द्यायचा? बाबांनी एवढी पत्रकं काढली, त्यांत कधी 'परंतु' हा शब्द नव्हता.

काकू म्हणाल्या, "तुझ्या बाबांची पत्रकं वाचून कोणाचं पोरगं त्यांच्या घरी तापलं नव्हतं. माझ्या पेटीनं तापायचं. मी परत त्याच वाडीत जायचे, पुढच्या महिन्यात, त्याच बायांसमोर. लिही. गोवराच्या लशीनंतर सातव्या ते बाराव्या दिवसात काही पोरांना ताप येतो. काहींना थोडं पुरळ पण उठतं. ते दोनतीन दिवसांत जातं, त्याचा संसर्ग दुसऱ्याला होत नाही. फार चढला, मूल मलूल झालं, तर डॉक्टरला फोन. सगळं लिही."

"लोक घाबरतील."

"सांगून आलेल्या तापाला बाया भीत नाहीत. न सांगता आलेल्याला भितात. प्राजक्ताला बघितलंस ना."

मी दोन दिवस धुमसले. मला खरं छापायला शिकवलं होतं, आणि इथे एक निवृत्त नर्स मला सांगत होती की मी खऱ्यातलं अर्धं छापतेय. आणि ती बरोबर होती, हे जास्त झोंबत होतं. तिसऱ्या दिवशी मी तो परिच्छेद घातला. इतर परिच्छेदांच्याच टायपात, बारीक करून नाही.

प्राजक्ताने मुलांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, दिवस धरून, आणि काकूंनी सांगितलं तेच सांगितलं. मे महिन्यात ईशानला लस दिली. त्याच संध्याकाळी काकू तिच्या घरी गेल्या आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. इथे प्रत्येक घरात एक कचऱ्याचं कॅलेंडर असतं, कोणत्या दिवशी कागद, कोणत्या दिवशी प्लास्टिकच्या कचऱ्याची पिवळी पोती. काकूंनी त्यावर मोजून सातवा दिवस काढला आणि तिथपासून सहा घरांत पेन्सिलीने 'ताप?' असं लिहिलं. एका घरात आधीच पिवळ्या पोत्याची खूण होती, तिच्या शेजारी दाटीवाटीने लिहिलं.

"नाही आला तर?" प्राजक्ताने विचारलं.

"नाही आला तर पेढे. आला तर पातळ भात, औषध डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, आणि मला फोन. कडुलिंब नको. अंघोळ घाल."

पुढचे दिवस मी मोजत काढले. मी कबूल केलं पाहिजे, मला मनापासून वाटत होतं की ताप येऊ नये. मुलासाठी तर होतंच, पण माझ्या पत्रकासाठीही. सातवा गेला, आठवा गेला. नवव्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी काकूंच्या स्वयंपाकघरात होते. त्यांच्या फोनवर प्राजक्ताचा मेसेज आला. एकच शब्द. "आला."

मला वाटलं, संपलं. आता ही दुसरी लस घेणार नाही, गटावर लिहील, आणि पाडव्याला ज्यांनी ऐकलं ते सगळे म्हणतील, बघा. काकू गवारीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "विचार, किती?"

मी फोन लावला. प्राजक्ता म्हणाली, "एकशे एक पॉइंट चार. मघाशीच मोजला. पोटावर थोडं पुरळ आहे. पाणी पितोय, आत्ता बाबाच्या अंगावर चढून बसलाय. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध दिलं. पेला दाबून बघितला, फिकं होतं." मागे ईशान काहीतरी आपटत होता. "मुक्ता, काकूंना सांग, पिवळ्या पोत्याच्याच दिवशी आला. पोतं बाहेर ठेवून आले आणि बघते तर गरम."

ती हसत होती. माझ्या कोणत्याही मोठ्या अक्षरातल्या वाक्याने कोणाला असं हसवलं नव्हतं.

काकूंनी विचारलं, "काय म्हणतीय?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "बस आता. मोडू लाग."

सोमवारपर्यंत ताप गेला. जूनमध्ये दुसरा डोस झाला, त्यानंतर तापाचं नावही नाही, आणि पेढे मात्र काकूंनी मागून घेतले. किटाच्या ऑफिसातल्या बाईने पिवळं लसीकरण-पुस्तक उघडून बघितलं आणि शिक्का मारला. पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी फोनमध्येच राहिली. प्राजक्ताने ती माझ्यासमोर काढून टाकली आणि म्हणाली, "खोटी नव्हती हं." मी म्हणाले, "नव्हती."

काकू गेल्या त्या दिवशी आम्ही सगळे फ्रँकफुर्ट विमानतळावर होतो. सायली बॅगांच्या वजनाच्या काळजीत, महेश पार्किंगच्या. सुरक्षातपासणीच्या रांगेपाशी नील आजीला बिलगला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर मराठीत बोलला. "आजी, कान." काकूंनी वाकून दोन्ही कान बघितले. मग मला जवळ बोलावलं. मला वाटलं, निरोपाचं काही म्हणतील.

"पत्रकाच्या वीस प्रती घातल्यात मी बॅगेत. तिकडच्या नव्या पोरी आहेत पेटीवाल्या, त्यांना देते. चांगलं लिहिलंयस." रांग पुढे सरकली तशा त्याही सरकल्या, आणि वळून म्हणाल्या, "पण कोणाच्या हातात वाटी असली की देऊ नकोस."

या जानेवारीत सायलीकडे हळदीकुंकू होतं. बाहेर गोठलेला पाऊस, आत तिळगूळ आणि बायकांचा कलकलाट. गेर्लिंगेन या गावाहून नव्याने इकडे राहायला आलेली एक बाई होती, कडेवर वर्षाची मुलगी. ती सोफ्याच्या टोकावर बसून कोणाला तरी सांगत होती, "नाही, आम्ही ती लस नाही घेतली. हिला दिवाळीत नागपूरला गोवर येऊन गेला ना."

मी उठले. सवय अशी लगेच जात नाही. माझं पहिलं वाक्य तयार होतं आणि ते चांगलं होतं.

पण प्राजक्ता माझ्याआधी तिथे पोचली होती. तिने जाता जाता गुळपोळीची ताटली माझ्या हातात ठेवली, "तू खा," म्हणाली, आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन बसली. तिने लस म्हटलं नाही, कायदा म्हटलं नाही. तिने त्या मुलीचा कान हलकेच पुढे दुमडला, मागे बघितलं, मग दुसरा. आई जरा दचकली.

"नाव काय हिचं?" प्राजक्ताने विचारलं. मग आरामात मांडी घालून, "बरं, मला एक सांग. पुरळ आलं तेव्हा ताप होता, का उतरला होता?"

ती बाई आठवायला लागली. मी गुळपोळी खाल्ली, सगळी, आणि एकही शब्द बोलले नाही.